गुलमर्गचा बर्फ आणि फोनवरील अंदाज

सांगलीच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र आठ-दहा ओळींचेंच आहे. परंतु त्यांतील प्रश्नांस तितक्याच ओळींत उत्तर देणें आम्हांस साधलें नाहीं, म्हणून या महिन्याचें सदर त्यांसच वाहिलें आहे. भगिनींचे चिरंजीव, सूनबाई व आठ वर्षांची नात अशीं तिघें येत्या हिंवाळ्यांत काश्मीरांत गुलमर्ग येथें स्कीइंग शिकावयास जाऊं म्हणतात. चिरंजीवांचा बेत असा कीं, फोनवर पंधरा दिवसांचा हवामानाचा अंदाज रोज पाहावा, आणि ज्या दिवशीं त्यांत भरपूर हिमवृष्टि दिसेल त्या दिवशीं विमानाचीं तिकिटें, स्वस्त परंतु पैसे परत न मिळणारीं, काढून मोकळें व्हावें. "हा अंदाज कितपत खरा मानावा? आणि तो खरा ठरून खरोखरच इतका बर्फ पडला, तर लहान मुलीस घेऊन तेथें जावें कीं न जावें?" असें त्या विचारतात.

दुसरा प्रश्न पहिल्याहून मोलाचा आहे. आणि तो बापाला न सुचतां आजीला सुचावा, यांत आम्हांस कांहींच नवल वाटत नाहीं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही स्वतःचे पैसे खर्चून शिकलों आहों. पुण्यांत वाढलेल्या माणसाचा बर्फाशीं संबंध तो किती? उसाच्या रसांत टाकलेल्या खड्यापुरता. अशा आम्हीं २०२४ च्या जानेवारींत धाकटे बंधू, वहिनी व पुतण्या यांच्यासह गुलमर्गास जावयाचें ठरविलें. निघण्यापूर्वी दहा दिवस फोनवर तीस सेंटिमीटर हिमवृष्टीचें चित्र झळकत होतें. तें चित्र पाहून घरांत लोंकरीच्या टोप्यांची खरेदी झाली. पुढें रोज तो आंकडा घटत गेला. तीसाचे अठरा झाले, अठराचे चार झाले, आणि चाराचें शून्य झालें तेव्हां आम्ही विमानांत बसलों होतों. गुलमर्गास उतरून पाहतों तों समोर वाळलेल्या पिवळ्या गवताचें कुरण! लांकडाच्या घसरगाड्या ओढणारीं माणसें उन्हांत विड्या ओढीत बसलीं होतीं. त्या हिंवाळ्यांत डिसेंबर व जवळजवळ सगळा जानेवारी काश्मीरचें खोरें कोरडें गेलें. बर्फ आला तो जानेवारीच्या अगदीं अखेरीस, आम्ही घरीं परतून टोप्या डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेंत ठेवल्यावर.

दोष कोणाचा म्हणावा? वेधशाळेचा तर नव्हेच. दहा दिवसांपुढील आंकडा हा अंदाज नसून संगणकानें काढलेल्या अनेक संभवांपैकीं एक संभव असतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें, इतकेंच.

काश्मीरांतील हिंवाळी बर्फ आपल्या मोसमी पावसासारखा महिनोन्‌महिने धरून बसत नाहीं. तो पश्चिमेकडून वाऱ्याच्या झोतावर बसून तुकड्या-तुकड्यांनीं येतो. भूमध्य समुद्राकडे व त्याच्या पूर्वेस जन्मलेलीं हीं वादळें इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयास आदळतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिंवाळ्याच्या एका महिन्यांत असे चार-सहा विक्षोभ येतात. परंतु त्यांतील एखादाच जोरदार असतो, आणि वरच्या वाऱ्याचा झोत जरा उत्तरेस सरकला कीं गुलमर्गच्या वांट्याला नुसते ढग येतात. इतक्या दूरच्या पाहुण्याची वर्दी दहा दिवस आधीं खात्रीनें कोण देणार? पांच ते सात दिवस आधीं 'कोणी तरी येत आहे' इतकें कळतें. तीन दिवस आधीं तो किती सामान घेऊन येत आहे हेंहि बऱ्याच अंशीं कळतें. म्हणून आम्ही आतां आंकड्याकडे न पाहतां आंकड्याच्या चंचलतेकडे पाहतों. एकाच अंदाजाचा आंकडा सकाळ-संध्याकाळ तोच राहिला, आणि युरोपीय केंद्राचा व अमेरिकन खात्याचा असे दोन्ही अंदाज एकच गोष्ट सांगूं लागले, म्हणजे भरंवसा ठेवावयास हरकत नाहीं. ते दोघे भांडत असतील तर आपण तिकिटें काढूं नयेत.

पुणेकर वाचकांस येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शिवाजीनगरास ज्या इमारतीला सारें गांव 'सिमला ऑफिस' म्हणतें, तिला तें नांव पडण्याचें कारण असें कीं, हिंदुस्थानच्या हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली. पुढें मुख्य कचेरी दिल्लीस गेली, तरी नांव राहिलें तें राहिलेंच. या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं १८८४ सालींच हिमालयांतील बर्फ व त्यामागून येणारा आपला पाऊस यांचा संबंध मांडला होता. बर्फ फार तर पाऊस उणा, असा त्यांचा कयास. तो संबंध पुढें त्यांना वाटला तितका सरळ ठरला नाहीं. परंतु गुलमर्गच्या बर्फाशीं आपला कांहींच लागाबांधा नाहीं असें कोणी समजूं नये, म्हणून सांगितलें.

असो. आतां समजा, तीन दिवसांवरचा अंदाज आहे, सर्वांचें एकमत आहे, आणि फोन म्हणतो 'चाळीस सेंटिमीटर'. हे चाळीस कोठें पडणार? हा प्रश्न विचारावयाचें बहुतेकांच्या ध्यानीं येत नाहीं. गुलमर्गचें कुरण समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून निघालेला गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, पहिल्या टप्प्यांत कोंगदूरीस सुमारें ३,०८० मीटरांवर पोंचतो, आणि दुसऱ्या टप्प्यांत अफरवाताच्या खांद्यावर सुमारें ३,९५० मीटरांवर. दोन्ही टप्पे मिळून लांबी पांच किलोमीटरांच्या आसपास. इकडे संगणक करतो काय, तर पृथ्वीच्या पाठीवर चौकोनी घरें आंखतो आणि प्रत्येक घराला एकच सरासरी उंची देतो. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत घडविलेली व २०२५ च्या मे महिन्यांत सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' आजच्या उत्तम साधनांपैकीं एक. तिचें घरहि सहा किलोमीटरांचें आहे. म्हणजे खालचें कुरण आणि वरचा कडा हीं दोन्ही एकाच घरांत नांदूं शकतात! उंची चढतांना हवा दर हजार मीटरांस सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. या हिशेबानें गंडोलाच्या तळांत व माथ्यांत आठ अंशांचें अंतर पडतें. तळाशीं पाऊस आणि माथ्यावर पीठ चाळल्यासारखा कोरडा बर्फ, असें एकाच तासांत घडतें.

म्हणून अंदाज वाचतांना 'शून्य अंशाची उंची' कोठें दिली आहे तें प्रथम शोधावें. हवा ज्या उंचीवर शून्य अंश होते, तिच्या खालीं दोन-तीनशे मीटरपर्यंत हिमकण न वितळतां उतरतात, त्याखालीं पाऊस. ही उंची २,९०० मीटर लिहिली असेल तर कोंगदूरीस बर्फ पडेल, गुलमर्गच्या कुरणावर बर्फ-पावसाची राड होईल, आणि खालीं टंगमर्गास छत्री उघडावी लागेल. तीच उंची २,००० वर आली कीं टंगमर्गहि पांढरें होतें. विक्षोभाच्या आरंभीं दक्षिणेकडील उबदार व दमट हवा पुढें येते, त्यामुळें ही रेषा वर असते. वादळ सरूं लागलें कीं ती खालीं येते. पहिल्या दिवशीं पाऊस पाहून हिरमुसलेले प्रवासी पुष्कळदां दुसऱ्या दिवशींच्या बर्फाला मुकतात तें यामुळेंच.

सेंटिमीटरांचाहि असाच एक घोटाळा आहे. संगणक मुळांत पाणी मोजतो. एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटिमीटर बर्फ, असा ढोबळ हिशेब सारेच धरतात. परंतु शून्याजवळच्या ओल्या हवेंत त्याच पाण्याचा अर्धाच सेंटिमीटर होतो, आणि कडक थंडींत दीड किंवा दोनहि होतात. शिवाय पडलेला बर्फ बसतो. काल साठ सेंटिमीटर पडला म्हणून आज काठी घालून पाहावें तर पंचेचाळीसच. यांत कोणी फसविलें असें नव्हे. डब्यांत भरलेले पोहे हलविले म्हणजे खालीं बसतात, तसाच हा प्रकार. तेव्हां 'पडणारा बर्फ' आणि 'जमिनीवर असलेला बर्फ' हे दोन वेगळे आंकडे आहेत, आणि शिकाऊ माणसाला दुसरा हवा. गुलमर्गचें कुरण गवताचें व सौम्य उताराचें असल्यानें नवशिक्यांना तेथें गुडघ्याच्या खालपर्यंत, अर्धा मीटर, बसलेला बर्फ पुरतो. खडकाळ वरच्या उतारांना तो मुळींच पुरत नाहीं.

जमिनीवर किती आहे हें कळावें कसें? हॉटेलास विचारूं नये. आजवर कोणा हॉटेलानें आम्हांस 'बर्फ नाहीं, येऊं नका' असें सांगितलेलें नाहीं. आज सकाळचें छायाचित्र मागवावें, आणि त्यांत एखादा बांक किंवा कुंपणाचा खांब दिसावा असें बजावावें. खांब किती बुडाला तें आपल्याला मोजतां येतें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. तो पहिल्याइतका हंसतखेळत सांगतां येण्याजोगा नाहीं.

२०२४ च्या ज्या कोरड्या हिंवाळ्याची कथा वर सांगितली, तिचा उत्तरार्ध असा. फेब्रुवारींत बर्फ आला, आणि भरपूर आला. २१ तारखेस गुलमर्गास खेलो इंडिया हिंवाळी स्पर्धा सुरू झाल्या. २२ तारखेस वरच्या उतारांवर हिमलोट सुटला व एक रशियन स्कीपटु त्यांत दगावला. आदल्या वर्षीं, १ फेब्रुवारी २०२३ रोजीं, अफरवाताच्या उतारावर अशाच लोटांत पोलंडचे दोघे गेले होते. हीं माणसें अडाणी नव्हतीं. दूरदेशाहून मुद्दाम या बर्फासाठीं आलेलीं होतीं.

हिमलोटाचें बीज कोरड्या दिवसांतच पेरलें जातें, हें आम्हांस गुलमर्गच्या एका वयस्क शिक्षकानें फावड्यानें खड्डा खणून दाखविलें. बर्फाचा थर पातळ असून रात्री निरभ्र व कडाक्याच्या असल्या, म्हणजे वरचा पृष्ठभाग फार गार व जमिनीलगतचा भाग शून्याच्या आसपास, असें अंतर पडतें. त्या अंतरामुळें थरांतल्या थरांत वाफ वर सरकते, आणि तळाशीं साखरेच्या दाण्यांसारखे सुटे, टोकदार कण तयार होतात. ते एकमेकांना धरीत नाहींत. मुठींत घेतले तर ओघळून जातात. अशा दाण्यांवर पुढें मोठ्या वादळाचा जड थर येऊन बसला, कीं ताटांत रवा पसरून त्यावर वडी थापावी आणि ताट कलतें करावें तशी अवस्था होते. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर एका माणसाचें ओझें पुरतें. वारा या कामीं भर घालतो. एका अंगाचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या अंगाला थापतो, आणि तेथें तो दिसावयास गुळगुळीत व सुरेख, परंतु आंतून पोकळ असा बसतो.

हा खड्डा ज्या प्रसंगीं खणला गेला तो प्रसंग आमच्या घरांत अजून मिटलेला नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही पुनः गुलमर्गास गेलों. त्याहि वर्षीं बर्फ रुसलेलाच होता; स्पर्धा पुढें ढकलाव्या लागल्या व त्या ९ ते १२ मार्च या दिवसांत पार पडल्या. आम्ही यावेळीं शहाणे होऊन पैसे परत मिळणारीं तिकिटें घेतलीं होतीं, आणि चार दिवस आधीं सर्व अंदाजांचें एकमत झाल्यावरच निघालों. विक्षोभ खरोखरीच आला. दोन दिवस खोलींतून बाहेर पडतां आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आकाश असें निळें उघडलें कीं डोळे दिपावेत. आमचा पुतण्या आतां तेवीस वर्षांचा. मागील खेपेचा सूड उगवावयास निघालेला. त्यानें दोन समवयस्क मित्र जोडले आणि दोऱ्यांच्या हद्दीपलीकडील उतारावर जावयाचें ठरविलें.

"काका, ऊन लख्ख पडलें आहे. फोनवर आठवडाभर ढगाचें नांव नाहीं. मग आतां भीति कसली?"

आम्हीं म्हटलें, "भीति ढगाची नाहीं, कालच्या बर्फाची आहे."

"तुम्हांला सगळ्याचीच भीति वाटते," असें तो बोलून गेला. बंधु गप्प राहिले. वहिनी आमच्याकडे पाहत राहिल्या. तेव्हां शिक्षकांना बोलावलें, त्यांनीं खड्डा खणला, आणि वर सांगितलेला साखरेचा थर त्याच्या हातावर ठेवला. वादळानंतरचे पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वांत वाईट, असें ते म्हणाले. आणि तेच दिवस अंदाजाच्या चित्रांत सर्वांत सुंदर दिसतात. मुलगा गेला नाहीं. परंतु रात्रीच्या जेवणापर्यंत कोणाशीं बोललाहि नाहीं. त्या उतारावरून त्या दिवशीं कांहींहि सुटलें नाहीं. दुसरीं दोघें पोरें जाऊन, हंसत, सुखरूप परत आलीं. पुतण्या अजून तें आम्हांस ऐकवितो, आणि आमच्यापाशीं उत्तर नाहीं. त्याचें बरोबर होतें कीं आमचें, हें त्या डोंगरानें सांगितलें नाहीं.

हिमलोटाची सूचना ही हवामानाच्या अंदाजाहून वेगळी असते, आणि ती वेगळीच वाचावी लागते. चंडीगडची संरक्षण खात्याची संस्था जिल्हावार इशारे काढते. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यांत येतें. इशाऱ्यांत अमुक मीटरांच्या वर धोका, असें लिहिलेलें असतें. जिल्हा मोठा आणि उतार लहान, म्हणून त्या दिवशीं गंडोलाच्या गस्तवाल्यांचा शब्द शेवटचा मानावा; त्यांनीं दुसरा टप्पा बंद ठेविला तर हुज्जत घालूं नये. युरोपांत धोक्याच्या पांच पायऱ्या धरतात. तिसरी म्हणजे मधली, अतएव बेताची, असा समज करून घेणारे फार. आणि स्वित्झर्लंडचा अनुभव असा कीं सर्वाधिक मृत्यु त्या तिसऱ्या पायरीवरच होतात. चौथ्या-पांचव्याला माणूस घाबरून घरींच बसतो.

तेव्हां सांगलीच्या भगिनींस आमचें उत्तर असें. नातीला अवश्य न्यावें. तिचें शिक्षण गुलमर्गच्या कुरणावरील सौम्य उतारांवर होईल. हिमलोट सुटावयास लागणारी चढण तेथें नाहीं. मात्र त्या कुरणाच्या कडेच्या उभ्या डोंगरांखालीं, बर्फ पडल्यावर दोन दिवस, खेळावयास नेऊं नये. गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर तिला पहिल्याच दिवशीं नेऊं नये; जवळजवळ चार हजार मीटरांवर मोठ्यांचेंहि डोकें दुखूं लागतें.

बेत पंधरा दिवसांच्या अंदाजावर ठरवूं नये, तो पंचांगावर ठरवावा. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांस 'चिल्ला-ए-कलां' म्हणतात. कडक थंडीचे ते दिवस. आमच्या मतें चिल्ला सरत असतांना, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, जावें. तोंवर एक-दोन मोठे विक्षोभ येऊन गेलेले असण्याचा संभव अधिक, आणि ऊन अजून तापलेलें नसतें. मार्चांतहि बर्फ असतो. परंतु सकाळीं तो कांचेसारखा कठीण, दहा-अकरा वाजतां मऊ व छान, आणि दुपारीं गुरगुट्या भात होतो. तिकिटें पैसे परत मिळणारींच घ्यावींत. निघण्यापूर्वी पांच दिवस पहिला विचार, तीन दिवस आधीं शेवटचा.

जातांना एक व येतांना एक असा मोकळा दिवस हातीं ठेवावा. ज्या वादळानें आपल्याला बर्फ मिळतो तेंच वादळ श्रीनगरचीं विमानें रद्द करतें व टंगमर्गाहून वर चढणारा रस्ता अडवितें. चाकांना सांखळ्या नसलेली गाडी तेव्हां वर सोडीत नाहींत. २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला आगगाडी जाऊं लागली आहे, तिचें वेळापत्रक खिशांत असूं द्यावें.

आणखी एक. स्कीचे जोडे तेथें भाड्यानें मिळतात. परंतु आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचे आम्हीं पाहिले ते एका दुकानांत दोनच होते, व त्यांतील एकाचा खटका मोडका होता. नातीच्या पावलाची लांबी सेंटिमीटरांत मोजून, निघण्यापूर्वी आठ दिवस, जोडे राखून ठेवण्याविषयीं शिक्षकांस फोन करावा.